जाम झालेले जुने सिंगर: डोके बदलण्याआधी काय करावे

आपल्या आजेसासूबाईंचे सिंगरचे पायमशीन रत्नागिरीजवळच्या घरी पडवीत कित्येक वर्षे झाकून ठेवलेले होते, आता त्याचे चाक जागचे हलत नाही, आणि ज्या कारागिराला दाखवले त्याने जुने डोके, म्हणजे शिवणारे वरचे यंत्र, भंगारात काढून त्याच स्टँडवर नवे डोके बसवण्याचा सल्ला दिला, असे आपण लिहिले आहे. ते स्वतः दुरुस्त करून पाहण्याची आपली इच्छा आहे आणि जमल्यास पुढे हाच छंद करावा असाही विचार आहे. माझे मत असे की डोके बदलू नये आणि इतक्यात रंगाचा ब्रशही हाती घेऊ नये. घरगुती वापरातल्या जुन्या मशीनचे लोखंड क्वचितच झिजलेले असते. त्याला अडवून धरते ते वर्षानुवर्षे घातलेले आणि पुढे वाळून गेलेले तेल. विशेषतः मशीनचे तेल संपले म्हणून कोणी हाताशी असलेले खोबरेल किंवा गोडे तेल सोडले असेल, तर त्याचा लाखेसारखा तपकिरी, चिवट थर होतो आणि सांध्यांना डिंकासारखा चिकटवून टाकतो. अशा मशीनला नवे सुटे भाग फारसे लागत नाहीत, तिथे संयमाने केलेली सफाई लागते.

आधी मशीन ओळखून घ्या. तळपाटाच्या उजव्या अंगाला, उभ्या खांबाच्या पायथ्याशी क्रमांक कोरलेला असतो. १९०० पूर्वीच्या सिंगरवर नुसते आकडे असत, त्यानंतर आकड्यांआधी एक अक्षर येऊ लागले आणि १९३५ च्या सुमारास दोन अक्षरे आली. आपण दिलेला क्रमांक ‘ईएफ’ या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे ते स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातले, १९४९ च्या आसपासचे असावे. हा क्रमांक कारखान्याने त्या तुकडीला दिलेला असतो, त्यामुळे आपल्या घरी मशीन आले ते साल त्यापुढचे असू शकते. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकत्या डाव्या टोकाच्या पत्र्यावर आहेत आणि बॉबिनची डबी डावीकडून आत बसते, या दोन खुणांवरून ते १५ क्रमांकाच्या जातीचे, म्हणजे ‘१५-के’ आहे असे मी धरून चालतो. यातला ‘के’ म्हणजे त्या कारखान्याचे ठिकाण, किलबोवी. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण त्याची काळजी करू नका. याच जातीच्या धर्तीवर दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने घरगुती मशीनचा एक प्रमाणित नमुना बनवला, आणि आपल्याकडची काळी उषा, मेरिट, रीटा ही साधी मशीनेही त्याच कुळातली आहेत. त्यामुळे बॉबिन, डबी, सुई, ताणाची स्प्रिंग हे सगळे तालुक्याच्या गावीही मिळते. यांतला बराच माल लुधियानाचा असतो. डबी मात्र दुकानातच आपल्या मशीनमध्ये बसवून पाहावी, कारण नव्या डब्यांचे काम एकसारखे नसते.

आता चाक. ते फिरत नाही एवढ्यावर काही ठरवता येत नाही, ते कसे अडते हे पाहावे लागते. सर्वप्रथम पट्टा काढून टाका आणि खालचे पायडल व मोठे चाक स्वतंत्रपणे हलवून पाहा. जॅम डोक्यात आहे की स्टँडमध्ये, हे तिथेच कळते. मग वरच्या चाकाच्या मधोमध असलेला गोल स्क्रू, जो बॉबिन भरताना आपण सैल करतो, तो सैल करून चाक फिरवा. चाक मोकळे फिरले तर अडथळा आत यंत्रणेत आहे. तरीही फिरले नाही तर चाकच त्याच्या दांड्यावर चिकटलेले आहे. यंत्रणा अडली असेल आणि चाक थोडे मागेपुढे हलून प्रत्येक वेळी एकाच जागी ठक्क करून थांबत असेल, तर बहुधा शटलच्या, म्हणजे सुईखाली फिरून वरच्या दोऱ्यात खालचा दोरा गुंतवणाऱ्या भागाच्या, मार्गात दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो. शटलवरचे कडे काढून, शटल बाहेर घेऊन, चिमट्याने तो दोरा काढला की मशीन तत्क्षणी सुटते. याउलट सगळीकडे सारखेच जड लागत असेल, तर ते वाळलेल्या तेलाचे काम आहे असे समजा.

डोके मागे कलंडवण्यापूर्वी ते लाकडी फळीला ज्या दोन बिजागऱ्यांवर टेकलेले असते त्यांचे स्क्रू घट्ट आहेत ना, हे हमखास तपासा. हे डोके बारा-तेरा किलोंचे असते, आणि सैल बिजागरीतून निसटून फरशीवर पडले तर बीड (ओतीव लोखंड) सरळ तडकते. त्याला वेल्डिंग करून कोणी दिले तरी त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

वाळलेले तेल सोडवण्यासाठी रॉकेल उत्तम. रेशनवर ते आता फारसे मिळत नाही, पण नसले तरी साध्या मशीनच्या तेलाने हेच काम होते, फक्त वेळ अधिक लागतो. डोक्याच्या वरच्या आडव्या भुजेतली तेलाची भोके, डाव्या टोकाचा पत्रा काढल्यावर दिसणारी सुईदांडी, प्रेशर फूटची (कापड दाबून धरणाऱ्या पायाची) दांडी आणि दोरा वर खेचणारा हात, तसेच डोके कलंडवल्यावर खाली दिसणारे दोन आडवे दांडे व त्यांची टोके, अशा जिथे जिथे धातूवर धातू सरकतो त्या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी केस वाळवण्याच्या यंत्राने तो भाग गरम करा. गरम झाल्यावर जुना थर मऊ पडतो आणि सांध्याच्या कडेने चहाच्या रंगाचे तेल झिरपताना दिसू लागते. ते फडक्याने टिपून पुन्हा थेंब सोडा. या काळात चाक जोराने फिरवू नका, जेवढे हलते तेवढेच पुढेमागे झुलवत राहा. चाकाला पाना लावणे, हातोडीने ठोकणे किंवा पायडलवर उभे राहणे हे प्रकार मी पाहिलेले आहेत, आणि त्यातून मशीन सुटण्याऐवजी आतला एखादा दांडा वाकतो. एकदा चाक पूर्ण फिरू लागले की रॉकेल सगळे पुसून काढा आणि प्रत्येक जागी मशीनचे ताजे तेल द्या, कारण रॉकेल घाण सोडवते पण वंगणाचे काम करत नाही. हे सर्व उघड्यावर, चुलीपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर करावे, हे वेगळे सांगायला नको.

स्क्रूंविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्या हौशी माणसाच्या हातून मशीनचे कायमचे नुकसान होते ते इथेच. सिंगरच्या स्क्रूंचे आटे कंपनीचे स्वतःचे होते. त्यामुळे एखादा हरवला किंवा त्याची खाच झिजली, तर हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू तिथे बसत नाही, आणि बळेच बसवला तर भोकाचे आटेही जातात. म्हणून स्क्रूड्रायव्हरचे पाते खाचेच्या रुंदीचे आणि खाचेत तळापर्यंत बसणारे असले पाहिजे. लहानमोठे चार ड्रायव्हर घ्या आणि त्यांची टोके कानशीने घासून आपल्या मशीनला जुळवून घ्या, हा खर्च कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त उपयोगी पडतो. स्क्रू हलत नसेल तर तेल, उष्णता आणि वाट पाहणे, याच क्रमाने जावे. सुईदांडीला पकडून ठेवणारा आतला स्क्रू आणि खालच्या दांड्यांच्या टोकांचे निमुळते स्क्रू मात्र अजिबात सैल करू नका. सुई सर्वांत खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या नेढ्यापाशी दोऱ्याचा बारीक फास तयार होतो आणि शटलचे टोक नेमके तेव्हा तो पकडते. सुईदांडीची उंची जराशी सरकली तरी हा मेळ चुकतो, आणि मग टाका पडतच नाही.

चाकाच्या मधल्या गोल स्क्रूच्या मागे एक चकती असते. तिच्या बाहेरच्या अंगाला तीन कान असतात आणि आतल्या अंगाला दोन छोटी टोके. चकती काढून साफ करावी, पण परत बसवल्यावर स्क्रू सैल केला तरी चाक सुटत नाही किंवा घट्ट केला तरी धरत नाही, असे झाले, तर ती अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. केवळ या एका गोष्टीमुळे लोकांनी चांगली मशीने दुरुस्तीला नेलेली आहेत. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवण्याची सवय अशा वेळी कामाला येते.

पुढे दाते आणि डबी. सुईखालचा पत्रा काढला की कापड सरकवणाऱ्या दात्यांच्या मध्ये तंतूंचा दाबून दाबून नमद्यासारखा कठीण झालेला थर सापडेल. तो टोकदार काडीने उचकटून काढा, नाहीतर दाते पुरेसे वर येत नाहीत आणि टाके लहान पडतात. डबीच्या पातळ स्प्रिंगखाली अडकलेला तंतू तसाच बारीक पण त्रासदायक असतो, तो काढल्याशिवाय ताण कधी बसत नाही. ताण लावताना खालचा आधी ठरवा. भरलेली डबी दोऱ्याने हवेत लटकवावी. ती स्वतःच्या वजनाने घसरता कामा नये, पण हाताला हलका झटका दिला की बोटभर खाली यावी. त्यानंतर खालच्या स्क्रूला हात न लावता फक्त वरचा ताण कमी-जास्त करावा. प्रेशर फूट वर केला असता वरच्या चकत्या दोरा सोडतात आणि खाली केला असता धरतात, हेही हाताने ओढून पाहावे. फूट खाली असतानाही दोरा मोकळा जात असेल तर चकत्यांमध्ये मळ आहे किंवा मधली पिन अडकली आहे.

चाचणीसाठी सुई नवीन घ्या. दुकानात ‘एचए गुणिले १’ अशी खूण असलेली घरगुती सुई मागा, १४ नंबर पुरेल, आणि तिची सपाट बाजू शटलचे टोक जिकडून जाते त्या बाजूला ठेवा. दोरा नेहमी सपाट बाजूच्या उलट्या अंगाने, म्हणजे लांब खाच असलेल्या बाजूने ओवला जातो. आजींच्या डब्यात सापडलेले जुने सुती रीळ कितीही सुंदर असले तरी चाचणीला वापरू नका, ते कुजलेले असते आणि दोष मशीनवर येतो. मांजरपाटाच्या दोन घड्यांवर टीप मारून दोन्ही बाजू पाहा. वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त आहे, खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत असतील तर तो कमी आहे किंवा वरचा दोरा चकत्यांत नीट बसलेलाच नाही.

आता रंगाबद्दल. नवे काळे ऑइलपेंट मारून सोनेरी स्टिकर लावावेत असा आपला विचार आहे, त्याला माझा विरोध आहे. मूळ काळा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यावर सोनेरी नक्षी आणि त्या नक्षीवर पारदर्शक वार्निशचा पातळ थर असतो. स्पिरिट, थिनर, अमोनिया असलेले काचेचे द्रव किंवा भांडी घासण्याची पूड लागली की आधी हा पारदर्शक थर जातो, मग सोनेरी रंग चंदेरी पडतो आणि शेवटी नक्षीच निघून येते. त्यामुळे वरून फक्त मशीनचे तेल आणि मऊ सुती कापड वापरा, आणि तेही आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा. मळाचा थर उतरायला बरेच दिवस लागतील. नक्षी जिथे शिवणारीच्या मनगटाने घासली गेली आहे तिथे ती तशीच असू द्या. निकेलच्या चकचकीत पत्र्यांवरचा गंज तेल लावलेल्या बारीक स्टीलवुलने हलक्या हाताने जातो. लिंबाच्या सत्त्वात बुडवण्याची युक्ती स्टँडच्या सुट्या नटबोल्टांपुरतीच ठेवा, स्प्रिंगा आणि निकेलचे भाग त्यात घालू नका. कोकणच्या हवेत असे धुतलेले लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते, म्हणून लगेच वाळवून तेल पुसा.

स्टँडच्या बिडाला तारेचा ब्रश आणि तेल पुरेसे आहे. सागवानी फळीवरचे जुने पॉलिश गेले असेल तर चपडा (लाखेच्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत, मात्र त्या वेळी डोके काढून बाजूला ठेवा, कारण हेच स्पिरिट वर सांगितल्याप्रमाणे नक्षीचा शत्रू आहे. चामड्याचा पट्टा सगळ्यात शेवटी घ्या आणि चाक घसरणार नाही इतपतच ताणून जोडा. अती ताणलेल्या पट्ट्याने पायडल जड होते आणि मशीनच खराब असल्याचा भास होतो.

कोणीतरी या मशीनला लाखांची किंमत सांगितली, असेही आपण लिहिले आहे. जुन्या सिंगरच्या सुईत किंवा आतल्या भागात ‘लाल पारा’ असतो ही अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात पसरली होती आणि तिथे लोकांनी भरमसाट पैसे मोजून मशीने घेतली होती. त्यात असे काहीही नसते. असल्या गिऱ्हाइकाला आगाऊ ‘तपासणी फी’ देऊ नका आणि घरातही घेऊ नका. या जातीची मशीने लाखोंनी बनली, त्यामुळे ती दुर्मिळ नाहीत.

हे मशीन चालू झाल्यावर हात शिवशिवले आणि पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात दुसरे घ्यायला गेलात, तर प्रथम पुन्हा १५ च्या कुळातलेच घ्या. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लांब शटल असलेली २७ आणि २८ क्रमांकाची मशीने दिसायला फार देखणी असतात, पण त्यांचे शटल वेगळे मिळवणे कठीण असते. तेव्हा सुईखालचा सरकता पत्रा उघडून आत शटल आहे की नाही हे पाहूनच भाव विचारा.