पणजी दवाखान्याला का घाबरायची?

प्रश्न: आमची पणजी दवाखान्याचं नाव काढलं तरी घाबरायची म्हणे, तिथं गेलेला माणूस परत येत नाही म्हणायची. हा नुसता अडाणीपणा की तेव्हा हॉस्पिटलं खरंच तशी होती? आणि जगातलं पहिलं हॉस्पिटल कुठलं? मुलाला प्रोजेक्टसाठी हवंय. (एक वाचक, कराड)

उत्तर: पणजीला अडाणी म्हणू नका हो, तिचं बरंचसं बरोबर होतं. कसंय, पूर्वी हॉस्पिटल म्हणजे मुख्यतः ज्याला घर नाही, करणारं कोणी नाही त्याची जागा. चार पैसे असलेला माणूस वैद्याला घरीच बोलवायचा आणि स्वतःच्या अंथरुणातच बरा व्हायचा नाहीतर जायचा. चिनी प्रवासी फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पाटलीपुत्रात होता, त्याने लिहून ठेवलंय की इथल्या श्रीमंतांनी दवाखाने काढलेत, गरीब, अनाथ, अपंग तिथं येतात, वैद्य तपासतात, खाणं-औषध मिळतं, बरं वाटलं की आपले आपण जातात. त्याच्या थोडं आधी, ३७०च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानात बेसिल नावाच्या बिशपने असंच मोठं काम उभं केलं होतं आणि रोमन सैन्याची हॉस्पिटलं तर त्याहून जुनी, पण ती सैनिकांसाठी. त्यामुळे 'पहिलं' म्हणून एकच नाव लिहिलंत तर वाद होणारच.

मला स्वतःला भारी वाटतं ते तमिळनाडूतल्या तिरुमुक्कूडलचं. तिथल्या देवळाच्या भिंतीवर ११व्या शतकातला, वीरराजेंद्र चोळाच्या काळातला शिलालेख आहे, त्यात देवळाचे नोकर आणि पाठशाळेतली मुलं यांच्यासाठीच्या दवाखान्याचा अख्खा हिशोबच कोरलाय: १५ खाटा, एक वैद्य, एक शस्त्रक्रिया करणारा, जडीबुटी-सरपण आणून औषधं करणारी दोन माणसं, सेवेला दोन बायका, न्हावी, पाणक्या, वर साठ्यातल्या औषधांची नावं. सगळी पदं भरलेला असा सरकारी दवाखाना आज तुमच्या तालुक्यात असेल तर कळवा!

आता भीतीचं. पॅरिसच्या ओतेल-द्यू हॉस्पिटलात १८व्या शतकात एकेका खाटेवर चार-चार, कधी सहा पेशंट झोपवायचे, मग एकाचं दुसऱ्याला लागणारच की. व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते, एक डॉक्टर आणि शिकाऊ पोरांचा, दुसरा सुईणींचा. १८४६ साली पहिल्यात शंभरातल्या ११ बायका गेल्या, दुसऱ्यात ३सुद्धा नाहीत, आणि बायकांना हे पक्कं माहीत होतं, पहिल्या वॉर्डात नको म्हणून हातापाया पडायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की पोरं मुडदे फाडून तसेच थेट बाळंतिणीकडे येतात. १८४७मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू धाडकन खाली आले. तरी बरेच मोठे डॉक्टर त्याच्यावरच उखडले, आमचे हात घाण म्हणतोस काय म्हणून! त्याच सुमारास भूल आली होती, पुढे लिस्टर नावाच्या सर्जनची जंतुनाशकं आली, एक्स-रे आला, तेव्हा कुठे पैसेवाले आपणहून हॉस्पिटलात यायला लागले.

आपल्याकडे वर प्लेगची भर पडली. १८९६ला मुंबईत साथ आल्यावर पेशंटला जबरदस्तीने उचलून न्यायचे, बहुतेकजण उशिरा पोचायचे आणि मरायचे, जातीबाहेरच्यांचा स्पर्श, अन्न याचीही धास्ती. त्या ऑक्टोबरात हजारएक गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलावर हल्लाच केला. उलट पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा दत्तक मुलगा यशवंत यांनी दवाखाना काढला तेव्हा बाई स्वतः पेशंट आणायच्या, त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ला त्या गेल्या.

प्रोजेक्टसाठी माझं ऐकाल तर मुंबईचं जे.जे. घ्या. १८४५चं आहे, जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालं, शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज, माहिती आणि फोटो दोन्ही सहज मिळतील.