आयोवातल्या खेड्यात मित्राचं लग्न आहे. एका दिवसात जाऊन यावं, की तिथं राहावं?

प्रश्न: शिकागोत नोकरीला येऊन आठ महिने झाले. ऑफिसातल्या मित्राचं लग्न जुलैत आहे, आयोवात डेकोराजवळच्या एका खेड्यात, नवरीच्या घरी. गाडीनं पाच तास. तिथं मी कुणालाच ओळखत नाही, शिवाय शाकाहारी आहे. समारंभापुरतं जाऊन यावं, की शुक्रवार ते रविवार राहावं? तयारी काय करावी?

उत्तर:

राहा. शुक्रवारी सकाळी निघा आणि रविवारी दुपारनंतरच परत फिरा. तीन वर्षांपूर्वी त्याच भागात, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, माझ्या विद्यापीठातल्या मैत्रिणीचं लग्न झालं. मीही आधी शनिवारपुरतंच जाणार होतो. तिनं फोन करून सांगितलं, "आईनं तुझ्यासाठी वरची खोली काढून ठेवली आहे." मग नाही म्हणता आलं नाही. तेव्हा राहिलो नसतो, तर त्या लग्नातली खरी गोष्ट माझ्या हातून निसटली असती. ती पुढे सांगतो.

आधी कामाचं. आमंत्रणासोबत उत्तराचं कार्ड असेल, त्यावर तारीख असेल. ते आजच पाठवा. त्या आकड्यावरच तिथं खुर्च्या आणि ताटं ठरतात. पाकिटावर तुमचं एकट्याचं नाव असेल, तर एकट्यानंच जायचं. आपल्याकडच्यासारखं 'सहकुटुंब' गृहीत धरू नका. मित्राला विचारा, की पाहुण्यांसाठी कुठल्या मोटेलमध्ये खोल्या राखून ठेवल्या आहेत. ठरलेल्या तारखेपर्यंत त्या धरून ठेवतात, नंतर त्या भागात जुलैच्या शनिवारी खोली मिळणं अवघड असतं.

जेवणाचं मात्र नीट ऐका. कार्डावर 'चिकन की बीफ' एवढंच असेल आणि शाकाहारी जेवणाला खूण करायला जागा नसेल, तर मित्राला सरळ सांगा. संकोच करू नका, हे सांगितलेलं त्यांना आवडतं. तिथं भाजीत मांस दिसत नाही, पण असतं. चीज घातलेल्या बटाट्यांत बरेचदा चिकनचं डब्यातलं सूप असतं, फरसबीच्या शेंगांत बेकनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे असतात, आणि रंगीत जेलीत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. माझ्यासाठी मैत्रिणीच्या मावशीनं बटाट्यांचा एक ट्रे वेगळा केला होता आणि त्यावर चिकटपट्टीनं माझं नाव लावलं होतं. ते नाव बघून माझ्या घशात आवंढा आला होता.

रस्ता मॅडिसनवरून घ्या. प्रेरी डू शीनला मिसिसिपी ओलांडली की आयोवा लागतं. नदीपल्याड थोडं उत्तरेला एफिजी माउंड्स आहे. तिथं मूळ रहिवाशांनी मातीचे 200 हून अधिक उंचवटे रचले आहेत, काही अस्वलाच्या आकाराचे, काही पक्ष्याच्या. तासभर चढून वर जा. डेकोरा हे नावही हो-चंक या मूळ रहिवाशांच्या एका नेत्याचं आहे, आणि ती जमीन कुणाची होती हे त्या टेकडीवर उभं राहिल्यावर नीट कळतं.

आयोवा म्हणजे सपाट मैदान ही कल्पना तिथं मोडते. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या या कोपऱ्यावरून फिरल्या नाहीत, म्हणून दऱ्या, चुनखडीचे कडे आणि गार पाण्याचे झरे टिकून राहिले. मला बालाघाटच्या डोंगरांची आठवण झाली, फक्त हिरवं जास्त. या दऱ्यांत फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. खडीच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा आणि संध्याकाळी हरणांकडे लक्ष असू द्या. समोरून येणारा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल, तो नमस्कार आहे. तुम्हीही बोट उचला.

आता ती गोष्ट.

मी औसा तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. शनिवारी सकाळी सातला खाली आलो, तर मैत्रिणीचे वडील एकटेच कॉफी पीत बसले होते. चारला लेकीचं लग्न, आणि करायला काही उरलं नव्हतं, म्हणून माणूस बेचैन. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? मी म्हणालो, सोयाबीन. त्यांनी कप ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली.

त्यांच्या रानात सोयाबीन मांडीएवढं होतं, फुलावर आलेलं. शेजारी मका डोक्याच्या वर गेलेला. यंदा इथं मका, पुढच्या वर्षी सोयाबीन, अशी अदलाबदल ते करतात. मी वाकून एक झाड उपटलं, मुळावरची गाठ नखानं फोडली, आत गुलाबी निघाली. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, बाबांनी. गाठ आतून गुलाबी म्हणजे झाड हवेतला नत्र धरतंय.

तेव्हा तिथं सकाळचे आठ होते, म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसहा. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते बांधावरच होते. त्यांचं सोयाबीन तेव्हा जेमतेम तीन पानांवर, आणि दहा दिवस पावसाचा थेंब नाही. दोघांच्या मधे मी दुभाष्या. बाबांनी पहिलं विचारलं, "एकरी किती पडतंय?" साठ बुशेल. मी हिशोब केला, एका बुशेलला सव्वासत्तावीस किलो, म्हणजे सोळा क्विंटलच्या वर. आमच्याकडं चांगल्या वर्षी सात. बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "खुरपायला बाया किती लागतात?" एकही नाही, तणनाशकाला दाद न देणारं जीएम, म्हणजे जनुकात बदल केलेलं, बियाणं आहे, फवारतात. आपल्याकडे ते पेरायला परवानगी नाही, हे मी मैत्रिणीच्या वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग तण काढतं कोण? मी म्हणालो, माझी आई आणि शेजारच्या सात-आठ बायका. त्यांनी हळूच टोपी काढली.

मग सोयाबीनच्या भावाचा विषय निघाला. रोज सकाळी मैत्रिणीचे वडील फोनवर शिकागोच्या बाजारातला भाव बघतात, आणि त्यावरून गावातल्या धान्यकोठाराचा भाव ठरतो. बाबा म्हणाले, "शिकागो पडलं की लातूर पण पडतं. त्यांना सांग, आपण दोघं एकाच दोरीला बांधलेलो." हे वाक्य इंग्रजीत सांगताना माझा आवाज बसला. एकाकडे सहाशे एकर, एकाकडे पाच. सहाशेवालाही स्वतःला लहान शेतकरीच समजतो, आणि दोघांनाही भाव ठरवता येत नाही. फोन ठेवताना मैत्रिणीच्या वडिलांनी विचारायला लावलं, "तुमच्याकडे पाऊस कधी येईल म्हणतात?" लेकीच्या लग्नाच्या दिवशी हा माणूस औशाच्या पावसाची चौकशी करत होता.

म्हणून सांगतो, कुणालाच ओळखत नाही याची काळजी करू नका. तुमचं शेतीशी नातं असेल-नसेल, पीक कसं आहे, पाऊस किती झाला, एवढं विचारा. ते मनापासून उत्तर देतील आणि तुमच्या गावाचं विचारतील.

समारंभाचं थोडक्यात. आमंत्रणावर चार लिहिलं असेल, तर चार म्हणजे चारच, पावणेचारला बसलेले असा. चर्चमध्ये सगळे उठले की उठा, बाकी काही करावं लागत नाही. अर्ध्या तासात लग्न लागतं. पांढरं घालू नका, ते नवरीचं. भेटीसाठी रजिस्ट्री, म्हणजे नवरा-नवरीनं हव्या त्या वस्तूंची केलेली यादी असते, त्यातलं परवडेल ते घ्या, किंवा कार्डात चेक ठेवा. जेवण धान्याच्या जुन्या कोठारात असेल, तर आत उकडतं. मका भरात असताना हवेत इतकं बाष्प सोडतो, की जुलैतली संध्याकाळ आपल्या कोकणासारखी घामट होते. सुती कपडे आणि डासांचं मलम न्या. गवतात फिरलात तर रात्री पायांवर गोचीड बघा.

नाचाला मागे राहू नका. डॉलर डान्स असेल, तर रांगेत उभं राहून एक डॉलर द्यायचा आणि नवरा किंवा नवरीबरोबर अर्धा मिनिट नाचायचं. नवरीच्या आजीनं मला पोल्काची पावलं शिकवली, हात धरून, मोठ्यानं आकडे मोजत. पावणेनऊला सूर्य मावळला आणि कोठाराच्या दारातून सोयाबीनवर काजवे दिसायला लागले. आजी म्हणाल्या, पूर्वी याहून खूप असायचे.

रविवारी सकाळी थांबा. खुर्च्या घडी करायला माणसं कमीच पडतात, आणि त्या दोन तासांत ओळखी होतात तशा आदल्या रात्री गोंगाटात होत नाहीत. नंतर बरेच जण नवदांपत्याभोवती बसून भेटी उघडताना बघतात, त्यालाही बसा. वेळ उरला, तर जवळच स्पिलव्हिल आहे. संगीतकार द्वोर्झाक 1893 चा उन्हाळा तिथं आपल्या चेक लोकांत राहिले आणि त्यांनी तिथंच 'अमेरिकन' म्हणून ओळखली जाणारी, चार तंतुवाद्यांसाठीची रचना केली. ज्या घरात ते राहिले तिथं खाली दोन शेतकरी भावांनी लाकडात कोरलेली घड्याळं मांडली आहेत. हिवाळ्यात शेतीला सुट्टी असताना ते कोरत.

परतताना रस्त्याकडेला गोड मक्याची गाडी दिसेल, बहुतेक वेळा राखायला कुणी नाही, शेजारी पैशांचा डबा. रानात बघितलात तो मका हा नव्हे. तो जनावरांना आणि इथेनॉलला जातो. डझनभर कणसं घ्या, पैसे डब्यात टाका, आणि त्याच रात्री उकडा, कारण तोडल्यापासून त्यातली साखर कमी होत जाते.