वाचकांचे प्रश्न : कॅमेरा कुठे उभा होता?

छायाचित्रणाच्या शैली आणि तंत्रे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरे देणारा व्यावसायिक छायाचित्रकार नाही. छत्तीस फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवून वापरण्याच्या काळापासून या छंदात अडकलेला हौशी माणूस आहे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : गेल्या आषाढी वारीत मी दिवे घाटात आणि पुढे सासवडपर्यंत वारीची पुष्कळ छायाचित्रे काढली. प्रत्यक्षात सदरे, धोतरे आणि टोप्या पांढऱ्याशुभ्र होत्या. छायाचित्रांत मात्र त्या मळकट करड्या दिसतात. कॅमेरा नवा आहे. मग दोष कशाचा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर वारकरी आहे की भिंत आहे हे कळत नाही. किती प्रकाश परत येतो आहे, एवढेच त्याला कळते. आणि समोरचे दृश्य त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सरासरी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवत असेल, या गृहीतावर त्याचा सगळा हिशेब चालतो. धुतलेले पांढरे कापड याच्या चौपटीहून अधिक प्रकाश परत पाठवते. त्यामुळे फ्रेम सदऱ्यांनी आणि टोप्यांनी भरली की उजेड फार झाला असा मापकाचा समज होतो, तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, कमी करतो आणि पांढऱ्याचा करडा होतो. हल्लीचे कॅमेरे ही चूक काही अंशी स्वतःच सुधारतात, पण गर्दीत त्यांच्यावर फार विसंबू नये. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाचा हिशेब हाताने कमी-जास्त करण्याची सोय, अधिक १ किंवा अधिक दीडवर ठेवावी. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह थोडे वर सरकवावे. पावसाने भिजलेल्या काळ्या कातळाचे नेमके उलटे होते : तो फिकट आणि धुरकट येतो, तेव्हा उणे १ करावे. माझ्या पहिल्या वारीचे स्लाइड फिल्मचे दोन्ही रोल आपल्यासारखेच करडे आले होते आणि मी महिनाभर लॅबवाल्याला दोष देत होतो.

कडक उन्हात पांढरी टोपी आणि तिच्याखालचा सावळा चेहरा, दोन्ही एकाच वेळी नीट येणे अवघड असते. अशा वेळी मी चेहरा राखतो. टोपीच्या घडीचा तपशील गेला तर चालतो, डोळे गेलेले चालत नाहीत. आषाढातले ढगाळ आभाळ अनेकांना नकोसे वाटते, पण ते हा सगळा पेच आपोआप सोडवते. घाटाच्या वरच्या वळणावरून दिसणाऱ्या नागमोडी रांगेचे छायाचित्र मात्र आता पुरे झाले, असे माझे मत आहे. त्यात दरवर्षी घाट दिसतो, वारकरी दिसत नाहीत.

प्रश्न : रिंगणाच्या एका छायाचित्रात धावता अश्व जागीच थिजल्यासारखा स्पष्ट दिसतो, तर दुसऱ्यात अश्व बराचसा स्पष्ट आणि मागची गर्दी रंगांच्या आडव्या रेषांत विरघळलेली दिसते. दोन्हींची तारीफ होते. श्रेष्ठ तंत्र कोणते? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आधी हिशेब पाहू. घोडा सेकंदाला दहा मीटर धावतो असे धरले, तर शटर १/१००० सेकंद उघडे असताना तो एक सेंटिमीटर पुढे सरकतो. १/३० सेकंदात तेहतीस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट. पहिल्या छायाचित्रकाराने ती हालचाल नगण्य केली. दुसऱ्याने शटर मंद ठेवले, अश्वाच्या गतीने स्वतः कमरेपासून वळत कॅमेरा फिरवला आणि त्या फिरण्यातच बटण दाबले, त्यामुळे अश्व फ्रेममध्ये जागच्या जागी राहिला आणि सगळी हालचाल गर्दीच्या वाट्याला गेली. याला पॅनिंग म्हणतात. यात पाय धूसर येतात, धड आणि मान स्पष्ट येतात, आणि दहांतले नऊ प्रयत्न वाया जातात.

गोल रिंगणात पालखी मध्यभागी असते आणि आपण बहुधा कडेला असतो, त्यामुळे अश्व आधी आपल्याकडे येतो आणि मग दूर जातो. तो आपल्या अगदी समोरून आडवा जातो तो एकच क्षण पॅनिंगच्या उपयोगाचा; आधी आणि नंतर त्याचे अंतर इतके बदलत असते की कितीही सफाईने कॅमेरा फिरवला तरी धड धूसरच येते. श्रेष्ठ-कनिष्ठाचे म्हणाल, तर गर्दीतले चेहरे पाहण्याजोगे असतील तेव्हा मी पहिली पद्धत वापरतो, आणि मागे जाहिरातींचे फलक असतील तेव्हा दुसरी.

प्रश्न : कृष्णधवल छायाचित्रांचे कौतुक मला उमगत नाही. मोबाइलवर मी माझी रंगीत छायाचित्रे कृष्णधवल करून पाहिली. ती फक्त निस्तेज झाली. त्यात नेमके काय पाहायचे असते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली छायाचित्रे निस्तेज झाली, कारण ती रंगांच्या भरवशावर काढलेली होती. श्रावणातल्या हिरव्या शेतात लाल लुगडे नेसलेली बाई उभी असेल, तर रंगीत छायाचित्रात ती पहिल्या नजरेत दिसते. कृष्णधवल करताना मात्र तो लाल आणि तो हिरवा बहुतेक वेळा एकाच उजळपणाच्या करड्या छटेत उतरतात, आणि बाई शेतात हरवते. म्हणून कृष्णधवल छायाचित्रात रंग नाही हे पाहू नये. कोणत्या रंगाला कोणती करडी छटा दिली आहे, हे पाहावे. ती निवड छायाचित्रकाराची असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९२७ सालचे आहे. अमेरिकेच्या योसेमिटी खोऱ्यात अॅन्सेल अॅडम्स या तरुणाने जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा वाहून नेत ‘हाफ डोम’ या प्रचंड कड्यासमोरची जागा गाठली, तेव्हा त्याच्याजवळ दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. त्यात आभाळ जसे दिसत होते साधारण तसेच येणार होते. त्याला मात्र कड्यासमोर उभे राहताना वाटलेला दरारा हवा होता. म्हणून शेवटच्या प्लेटेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळे आभाळ जवळजवळ काळे झाले आणि उन्हातला खडक व बर्फ त्यावर उजळून उठले. छायाचित्र आधी मनात पाहायचे आणि मग ते कसे मिळेल याचा हिशेब करायचा, ही त्याची पुढच्या आयुष्यातली सगळी पद्धत त्या दुपारी सापडली, असे तो स्वतःच सांगत असे. १९३२ मध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी ‘एफ ६४’ नावाचा गट काढला. मोठ्या कॅमेऱ्यांवरच्या अतिशय बारीक अपर्चरचा, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा, तो आकडा. पायाजवळच्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट दिसावे, हा त्यामागचा आग्रह. त्याआधीची फॅशन धूसर, चित्रासारख्या दिसणाऱ्या छायाचित्रांची होती. मला स्वतःला त्या जुन्या धूसर शैलीचेही थोडे आकर्षण आहे, पण ते वेगळ्या पत्राचे प्रकरण होईल.

मोबाइलमध्येही कृष्णधवल करताना लाल, हिरवा आणि निळा यांचा उजळपणा स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारी अॅप आहेत. लाल वाढवा आणि हिरवा उतरवा. आपली बाई शेतातून बाहेर येईल.

प्रश्न : आमच्या घरी पणजोबा-पणजींचे एक जुने छायाचित्र आहे. त्यात सगळे इतके गंभीर का? त्या काळी छायाचित्रात हसायला बंदी होती की काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बंदी नव्हती, पण सुरुवातीच्या काळात हसणे परवडणारे नव्हते. १८५१ नंतर प्रचारात आलेल्या पद्धतीत काचेवर ओले रसायन पसरून ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि धुवायचाही असे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ही घाई अधिकच. एक्स्पोजर कित्येक सेकंद चाले, डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. एवढा वेळ टिकवून धरलेले हसू वेडेवाकडे दिसते; करून पाहावे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते; त्या पिढीचे काम या अडचणींतूनच झालेले आहे.

मात्र आपले छायाचित्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे असेल, तर हे कारण लागू पडत नाही. तोवर कारखान्यात तयार झालेल्या कोरड्या प्लेटा सर्रास मिळत होत्या आणि चांगल्या उजेडात सेकंदापेक्षा कमी वेळात काम भागत असे. मग गांभीर्य का टिकले? राजे-सरदारांच्या रंगवलेल्या तसबिरींचा नमुना समोर होता, हे एक. आणि आयुष्यात एकदोनदाच घडणाऱ्या, पैसे मोजून केलेल्या या प्रसंगी माणसे आपला दर्जा नोंदवून घ्यायला बसत, मनःस्थिती नव्हे. हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५), ज्यांचा एक स्टुडिओ मुंबईतही होता, त्यांच्या छायाचित्रांत हे उत्तम दिसते : खुर्ची, गालिचा, हाताची ठेवण, नजर, सगळे ठरवलेले, आणि तरीही एखाद्या चेहऱ्यावरचा कंटाळा निसटून आलेला. आपल्या छायाचित्रात पणजींचा हात कुठे आहे ते पाहा. कोण बसले आहे, कोण उभे आहे आणि कोणाचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, यात घराची सगळी रचना सापडते.

प्रश्न : ‘निर्णायक क्षण’ हा शब्द फार ऐकतो. तो क्षण म्हणजे निव्वळ नशीब नव्हे काय? शिवाय छायाचित्र नंतर कापून, म्हणजे क्रॉप करून सुधारणे ही लबाडी मानावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा शब्द फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी नावावरून रूढ झाला. गंमत अशी, की मूळ फ्रेंच नावाचा अर्थ ‘घाईघाईत, चोरूनमारून टिपलेली चित्रे’ याच्या जवळ जातो. त्यात क्षणाचे तत्त्वज्ञान कमी आणि रस्त्यावरची लगबग जास्त आहे. मला ते नाव अधिक खरे वाटते.

१९३२ मधले त्यांचे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागचे छायाचित्र आपण पाहिले असेल. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे, टाच पाण्याला अजून लागलेली नाही, आणि मागच्या भिंतीवरील पोस्टरवर तशीच झेप घेणारी आकृती आहे. त्यांनी हे कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून काढले. फळीचा भाग कडेला आला, म्हणून तो नंतर कापला. एरवी छायाचित्र अजिबात कापायचे नाही, असा आग्रह धरणाऱ्या माणसाचे सर्वांत गाजलेले छायाचित्र कापलेले आहे! तेव्हा लबाडीचा प्रश्न निकालात निघतो. नशीब होतेच, नाही कशाला म्हणायचे. पण पाणी, भिंत आणि पोस्टर दिसणाऱ्या फटीशी कॅमेरा लावून उभे राहणे हे नशीब नव्हते.

कापताना काय जाते, हे मात्र तपासावे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. पालम विमानतळावर आपल्या बहिणीची वाट पाहणाऱ्या पंडित नेहरूंचे त्यांनी काढलेले एक छायाचित्र आहे. नेहरूंच्या शेजारीच फलक आहे, ‘छायाचित्रणास सक्त मनाई’. फलक कापला तर ताटकळत उभा असलेला एक माणूस तेवढा उरतो.

आपण कोल्हापूरचे आहात, म्हणून सराव तालमीतच सुचवतो. तिथे उजेड कमी असतो आणि डाव पडायला वेळ लागत नाही. फोकस शोधत बसलात तर कुस्ती चितपट होऊन जाते. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवून फोकस आधीच तीन मीटरवर पक्का केला, तर साधारण दोनपासून सात मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, बराच वाढवावा लागेल आणि छायाचित्रात दाणे दिसतील. दिसू द्यावेत, तांबड्या मातीत ते खपतात. मग कॅमेरा विसरून पैलवानाचे पाय पाहावेत. डाव हाताआधी पायांत दिसतो, असे मला तालमीतल्या एका वस्तादांनी सांगितले होते, आणि छायाचित्रणाविषयी मला मिळालेली ही सर्वांत उपयोगी सूचना आहे.

प्रश्न : मोबाइलवर जवळून काढलेल्या छायाचित्रात आईचे नाक मोठे दिसते. व्यक्तिचित्रांसाठी ८५ मिलिमीटरची लेन्स घ्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाक लेन्सने मोठे केलेले नाही, अंतराने केले आहे. मोबाइल नाकापासून चाळीस सेंटिमीटरवर असेल, तर कान सुमारे बावन्न सेंटिमीटरवर असतात, म्हणजे नाक कानांच्या तुलनेत तीस टक्क्यांनी मोठे उमटते. दोन मीटरवर गेलात की हाच फरक सहा टक्क्यांवर येतो. ८५ मिलिमीटरची लेन्स एवढेच करते, की चेहरा फ्रेमभर मिळवण्यासाठी ती आपल्याला मागे जायला भाग पाडते. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी काढलेल्या चेहऱ्यांचा मऊ, सावरलेला प्रकाश आपल्याला आवडत असेल, तर लेन्सआधी खिडकी शोधा. ऊन थेट आत न येणाऱ्या खिडकीपाशी आईला थोडे तिरके बसवा, स्वतः सहा-सात फूट मागे जा, मोबाइलची दुप्पट झूम लावा आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. लेन्सचा निर्णय पुढच्या महिन्यात घ्या.