फुकटच्या ओपन प्रॉक्सीमुळे माझी ओळख खरंच लपते का? मी बँकेचं कामही त्यावरून करतो.

वेबसाइटपासून थोडीफार लपते. प्रॉक्सी चालवणाऱ्यापासून अजिबात नाही. बँकेचं काम त्यावरून करणं कृपया आजच थांबवा.

ओपन प्रॉक्सी म्हणजे पासवर्ड न विचारता कुणाचीही विनंती पुढे पाठवणारा सर्व्हर. साइटला तुमच्याऐवजी त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखायचा क्रमांक) दिसतो, एवढंच. त्यातही काही प्रॉक्सी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) तुमचा खरा पत्ता पुढे कळवतात.

ही फुकट सेवा देतं कोण, हे आधी बघा. कधी स्क्विडसारखं प्रॉक्सी चालवायचं सॉफ्टवेअर चुकीच्या सेटिंगमुळे साऱ्या जगाला उघडं राहिलेलं असतं. कधी कुणाच्या घरच्या राउटरमध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) शिरलेलं असतं, म्हणजे तुम्ही त्या माणसाचं इंटरनेट त्याच्या नकळत वापरता. आणि काही तर मुद्दाम लावलेले सापळेच. साधं एचटीटीपी (मजकूर उघडा जाणारी जोडणी) असेल तर मधला माणूस, म्हणजे प्रॉक्सी चालवणारा, पासवर्ड वाचू शकतो, पानात स्वतःची स्क्रिप्ट घुसवू शकतो. एचटीटीपीएस (मजकूर सांकेतिक करून पाठवणारी जोडणी) असेल तर मजकूर कळत नाही, पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते कळतं. साइटच्या सर्टिफिकेटबद्दल (तिच्या खरेपणाच्या दाखल्याबद्दल) ब्राउझरची धोक्याची सूचना आली तर 'पुढे जा' कधीच दाबू नका.

विकिपीडिया अशा पत्त्यांवरून होणारं संपादन रोखतं, कारण उपद्रवी मंडळी त्यांचाच आडोसा घेतात.

ओळख लपवणं खरंच गरजेचं असेल तर टॉर ब्राउझर वापरा. त्यात विनंती सहसा तीन टप्प्यांतून, म्हणजे तीन वेगवेगळ्या सर्व्हरमधून जाते. तुम्ही कोण आणि कुठे चाललात, हे दोन्ही एकाच टप्प्याला कळत नाही. बँकेसाठी मात्र सरळ आपलं मोबाइल इंटरनेट.