चमकणारा रंग मेंदूतल्या हव्या त्याच पेशींना कसा लागतो?

तुम्ही विचारलंय की मेंदूत अब्जावधी पेशी एकमेकींना खेटून असताना चमकणारा रंग नेमक्या हव्या त्याच पेशी कशा ओळखतो. खरं तर रंगाला काहीच ओळखता येत नाही. ओळखते अँटिबॉडी, म्हणजे एका ठरावीक रेणूलाच नेमकं धरणारं प्रथिन; रंग नुसता तिला चिकटून जातो.

मी उंदराच्या मेंदूचे काप रंगवतो. तारकापेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या मेंदूतल्या पेशी, बघायच्या असतील तर त्यांच्यातलं जीएफएपी हे प्रथिन पकडायचं. त्यासाठी सशात तयार केलेली अँटिबॉडी कापावर रात्रभर ठेवायची. सकाळी धुऊन दुसरी अँटिबॉडी घालायची. ती सशाच्या अँटिबॉडीला धरते आणि रंग या दुसरीच्याच अंगावर असतो. पहिलीला अशा अनेक दुसऱ्या चिकटतात, म्हणून उजेड वाढतो. मग ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला की रंग हिरवा प्रकाश परत देतो. फिल्टर निळा अडवतो आणि काळ्या पडद्यावर हिरव्या चांदण्या दिसतात.

या चांदण्यांना मात्र भुलू नका. जीएफएपी हा पेशीचा सांगाडा. अख्खी तारकापेशी प्रत्यक्षात स्पंजसारखी गच्च झुबकेदार असते, ती या रंगात दिसतच नाही.

डॅपीसारखे काही रंग स्वतःच डीएनएला चिकटतात, पण डीएनए सगळ्याच पेशींत, त्यामुळे निवड अशी होत नाही.

जिवंत पेशींसाठी वेगळी युक्ती आहे आणि मला तीच जास्त आवडते: रंग बाहेरून द्यायचाच नाही, पेशीलाच बनवायला लावायचा. जेलीफिशमधल्या जीएफपी या हिरव्या प्रथिनाचं जनुक अशा प्रमोटरमागे (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यामागे) जोडायचं, जो ठरावीक पेशींतच चालू होतो. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये एका सूक्ष्म कृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशी अशाच उजळवल्या. २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

फसगतही होते बरं का. एकदा म्हाताऱ्या उंदराच्या कापात इतके सुंदर ठिपके दिसले की मी दोन दिवस खुशीत होतो. मग लाल फिल्टर लावला, ज्यात माझा हिरवा रंग दिसायला नको, तर तेच ठिपके तिथेही हजर! ते लिपोफसिन निघालं, म्हणजे वयाबरोबर पेशींत साचणारा आणि आपोआप चमकणारा कचरा. तेव्हापासून प्रत्येक खेपेला एक काप पहिल्या अँटिबॉडीशिवाय ठेवतो आणि आधी तोच बघतो; त्यात जे चमकेल ते खोटं.