आधी तुम्ही दोघं बघा

ताई, तुमचा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. सोसायटीतल्या कुत्र्यांपाशी तासन्‌तास रमतो, म्हणून नातेवाईक सांगतायत की त्याला ‘टेंपल ग्रँडिन’ दाखवा. माझं म्हणणं, आधी तुम्ही आणि त्याचे बाबा बघा.

टेंपल ग्रँडिन या खऱ्याखुऱ्या ऑटिस्टिक अमेरिकी बाईवरचा २०१० चा चित्रपट आहे, तिच्या भूमिकेत क्लेअर डेन्सनं जीव ओतून काम केलंय. टेंपल साडेतीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती, पुढे पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. लोक तेवढंच धरून बसतात आणि आपल्या मुलातही तशी ‘देणगी’ शोधू लागतात. तुम्ही त्यात पडू नका. मला त्यातलं वेगळंच काही उपयोगी पडलं. गुरं अडली की बाकीचे आरडाओरडा करतात, टोचून पुढे ढकलतात. टेंपल मात्र त्यांच्या वाटेत उतरून त्यांच्या उंचीवरून बघते. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, चकाकणारं पाणी. एवढ्यानं जनावर बिचकतं.

माझी लेक सहा वर्षांची असताना आमच्या ठाण्यातल्या बिल्डिंगच्या गेटशी रोज सकाळी थांबायची, किंचाळायची. हट्ट समजून आम्ही तिला उचलून न्यायचो. चित्रपट बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. समोर गटाराची लोखंडी जाळी, फटींतून खालचं पाणी उन्हात लकाकत होतं. उभ्यानं ते मला कधी दिसलंच नव्हतं. वॉचमनकाकांनी जाळीवर जुनं पायपुसणं टाकलं. लेकीनं त्यावर एक पाय ठेवला, थांबली, मग दुसरा ठेवला आणि माझा हात न धरता रिक्षापर्यंत गेली. त्या सकाळी मी खूप रडले. इतके महिने आपण तिला उचलून त्याच्यावरून नेत होतो!

गुरांना दाबून धरणारा पिंजरा बघून टेंपल स्वतःला शांत करायला तसंच यंत्र बनवते. ते बघून घरी काही करायला जाऊ नका. कुणाला दाब आवडतो, कुणाला स्पर्शही नको असतो. तुमच्या थेरपिस्टना विचारा.

मुलाला दाखवायचाच असेल तर टेंपलच्या आंटीच्या ॲरिझोनातल्या रँचचा सुरुवातीचा भाग दाखवा, आवाज कमी ठेवून, वीसेक मिनिटंच. पुढे शाळेतला घोडा मरतो आणि नंतर कत्तलखाना येतो. जनावरांवर इतका जीव असलेल्या मुलाला ते आत्ताच नको.