कच्ची वही आधी

प्रिय पोरी,

रविवारी तू निघालीस आणि तुझ्या वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा माझ्या ओट्यावरच राहिला. विसरलीस की मुद्दाम ठेवलास, तुलाच ठाऊक. दोन दिवस वाचत बसलेय. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून इतकं एका दमात वाचलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस वह्या, आठवी ब, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्यातले एकतीस निबंध ‘पावसाळा हा निसर्गाचा अनमोल उत्सव आहे’ या वाक्यानं किंवा त्याच्या सख्ख्या-चुलत भावंडानं सुरू होतात, आणि शेवटी सगळ्यांना पर्यावरण वाचवायचंय. एका मुलानं तर फोनमधल्या एआयचं ‘नक्कीच! हा घ्या तुमचा निबंध’ हेही सुवाच्य अक्षरात, समास सोडून उतरवून काढलंय. मी खूप हसले. मग त्याच पानाखाली तुझी सही आणि ‘छान’ हा शेरा दिसला, आणि हसू मावळलं. म्हणजे पोरानं न वाचता उतरवलं, तू न वाचता तपासलंस. मग भाषेचा तास नेमका कुणी घेतला गं?

रागावू नकोस. तुझ्याकडे चार वर्ग आहेत, शिवाय सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. ते सगळं मला ठाऊक आहे. तरी लिहितेय.

तू विचारलंस, ‘बाई, एआय वापरू द्यावं की बंदी घालावी?’ मुख्याध्यापकांना शाळा पुढारलेली दाखवायचीय, पालकांच्या फोनमध्ये ते आलेलंच आहे आणि स्टाफरूममध्ये रोज दोन तट पडतात. माझं म्हणणं, हा प्रश्न नंतरचा. आधी एवढंच बघ, की मूल पहिल्यांदा कुठं लिहितं? आपल्या शाळेत कच्ची वही आणि पक्की वही असायची, आठवतं? कच्चीत खाडाखोड, शाईचे डाग, मागच्या पानावर फुल्ली-गोळा. पक्कीत सगळं गोंडस. फोनमधलं ते यंत्र पक्की वही लिहितं. फार सुरेख लिहितं. कच्ची वही ते लिहू शकत नाही, कारण त्याला काही सांगायचंच नसतं. म्हणून कच्ची वही आधी. वर्गात, हातानं, दहा मिनिटं. बाकी सगळं त्यानंतर.

गठ्ठ्यात तेवीस नंबरची वही आहे. ती तू वाचलीयस, कारण दहापैकी चार गुण दिलेयस. मुलगा लिहितो: ‘वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा उडाला. म्हस भिजली. आजी तिच्यावर गोणपाट टाकत हुती. म्हस सांजचं पान्हवली न्हाई.’ खाली तुझ्याच अक्षरात ‘सुधारून लिही’, आणि सोबत यंत्राकडून दुरुस्त करून घेतलेला कागद डकवलेला: ‘जोरदार वाऱ्यामुळे आमच्या गोठ्याचे छत उडून गेले आणि आमची म्हैस पूर्णपणे भिजली. आजीने तिला पोत्याने झाकले. त्या संध्याकाळी म्हशीने दूध दिले नाही.’

आता दोन्ही शेजारी ठेव आणि बघ. पत्र्याचं छत झालं. पत्रा उडताना जो खडखडाट होतो तो छताला नाही. ‘पूर्णपणे’ कुठून आलं? भिजली म्हणजे भिजली. आणि ‘पान्हवली न्हाई’ याचं ‘दूध दिले नाही’ झालं, ते तर मला सहनच होईना. कोल्हापूरच्या पोरांना हे मी पुण्याहून आलेल्या बाईनं सांगावं काय? दूध दिलं नाही म्हणजे म्हैस आटली असेल, नाहीतर लाथ मारली असेल. पान्हवली नाही म्हणजे दूध आत आहे, पण ती भ्यालीय, गारठलीय, म्हणून ते सडात उतरत नाही. जनावराच्या मनाची अवस्था त्या पोरानं एका क्रियापदात सांगितली. आणि आपण काय करतो? ‘पान्हा फुटणे’ हा वाक्प्रचार अर्थासह पाठ करून घेतो, दोन गुणांसाठी. ज्याच्या गोठ्यात तो रोज फुटतो, त्याला चार गुण.

यंत्राचा यात फारसा दोष नाही. ते कसं चालतं हे मी नातवाकडून समजून घेतलं. अफाट मजकूर वाचून पुढं कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, ते बघत ते शब्दाला शब्द जोडत जातं. इंग्रजी मजकूर डोंगराएवढा, हिंदी त्या मानानं थोडा, मराठी त्याहूनही थोडा, आणि त्यातही बातम्या, जाहिराती, भाषांतरित माहितीपत्रकं. गोठ्यातली मराठी इंटरनेटवर कुणी टाकलीय? म्हणून त्याच्या हाती जी मराठी येते ती ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ छापाची. ती चुकीची नसते. ती कुणाचीच नसते.

आणि खरं सांगू? ही मराठी त्या यंत्राच्या आधी मीच फळ्यावर लिहीत होते.

चॅटजीपीटी, म्हणजे हे फोनमधलं यंत्र, आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. त्याआधीची एकतीस वर्षं दहावीच्या वर्गात जानेवारी उजाडला की मी निबंध ‘देत’ असे. ‘बाई, निबंध द्या’ असंच पोरं म्हणायची, जसं रेशन द्या म्हणतात. मी फळाभर लिहायची, पोरं उतरवून घ्यायची, पाठ करायची. सुरुवातीला सुभाषित, मध्ये एक कवितेची ओळ, शेवटी संकल्प. बोर्डाच्या पेपरात तेच उतरायचं. माझ्या विषयात कुणी नापास व्हायचं नाही. सत्कार झाले, शाली आल्या, त्या अजून कपाटात आहेत. वर्गात सत्तर-सत्तर मुलं असताना मी दुसरं काय करणार होते, सांग? पालक निकाल विचारायचे, संस्था निकाल विचारायची, एखाद्या मुलाचं वाक्य कुणी विचारायचं नाही. असं मी अजूनही रात्री झोप न लागल्यावर स्वतःला सांगते. पण एकतीस वर्षं ‘दिलेल्या’ निबंधांतलं एकही वाक्य मला आठवत नाही, आणि आठवतं ते मीच खोडलेलं.

नववीतली एक मुलगी होती. चैत्री यात्रेवर लिहिलं होतं तिनं. ‘मी आज्जीसंगं जोतिबाला गेलो. सासनकाठी बघून भ्यालो. गुलालानं न्हालो.’ तुला माहीतच आहे, तुमच्याकडे बायका सर्रास ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. मी नवीन होते, आणि १९६२ चे चौदा नि १९७२ चे चार असे लेखनाचे अठराही नियम मला पाठ होते. (यातला एकही नियम ‘गेलो’बद्दल काही म्हणत नाही, ही वेगळी गोष्ट.) मी प्रत्येक ‘लो’भोवती लाल गोल काढला. चौदा गोल. पान गोवर आल्यासारखं दिसत होतं. वर्गात वाचूनही दाखवलं, ‘तू मुलगा आहेस का?’ असं विचारून. सगळे हसले, तीही हसली.

पुढचा निबंध तिनं पाच ओळींचा लिहिला. त्याच्या पुढचा गाईडमधून उतरवला, आणि मी त्याला आठ गुण दिले. दहावी होईपर्यंत तिनं स्वतःचं एक वाक्य मला दिलं नाही.

आज तिचा तो निबंध यंत्राला दिला तर ते लिहिणारा मुलगाच समजेल आणि ‘गेलो’ तसंच ठेवेल. त्याला निदान सबब आहे, त्याला ती दिसत नाही. मला तर ती दुसऱ्या बाकावर समोर दिसत होती.

तेव्हा यंत्र आल्यानं काहीतरी पवित्र बुडालं असं मला कुणी सांगू नये. आपणच पोरांना पक्की वही उतरवायची सवय लावली होती; आता फळ्याऐवजी फोन आला, इतकंच. आणि म्हणूनच परत परत सांगते, कच्ची वही आधी. हेका म्हण हवं तर.

तू म्हणशील, परीक्षेत ‘हुती’ चालत नाही. अगं, प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, ती पोराचा हक्कच आहे. पण ‘हुती’च्या शेजारी ‘होती’ ठेवून शिकव. ‘हुती’ पुसून नको. आधी त्यानं म्हैस कागदावर आणू दे. शुद्धलेखन तिच्या मागोमाग येतं.

आता तुझ्या त्या दुसऱ्या मुलाविषयी. वडील इचलकरंजीच्या यंत्रमागावर, घरी भोजपुरी नि हिंदी, मराठी शाळेतच पहिल्यांदा. तो ‘माझी पुस्तक’ लिहितो म्हणून तू वैतागलीस आणि त्याची वाक्यं फोनमधून नीट करून घेतलीस. नीट झाली, पण तुला काय कळलं? १९६७ साली पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानं मांडलं होतं, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्यानं आतापर्यंत मनात काय नियम बांधलेत याचा पुरावा. तो मुलगा आंधळेपणानं चुकत नाहीये. हिंदीत ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून त्यानं पुस्तकालाही तेच लिंग दिलं. हिंदीत लिंगं दोन, आपल्यात तीन. तिसऱ्याची खोलीच त्याच्या घरात नाही. ती बांधून दे, मग पुस्तक, झाड, घर, मूल सगळी आपोआप आत जाऊन बसतील. ‘आपण’ आणि ‘आम्ही’चंही तसंच. हिंदीत दोन्हीला ‘हम’. म्हणून तो तुला ‘बाई, आम्ही खेळायला जाऊया’ म्हणतो आणि तुला वाटतं, पोरगं मला वगळतंय. ते वगळत नाहीये गं, बोलावतंय. हे सगळं त्याच्या चुकीच्या वाक्यात उघडं पडलेलं होतं. यंत्रानं ते गुळगुळीत केलं आणि तुझी खिडकी बंद झाली.

याच मुलासाठी मात्र फोन जरूर वापर. घरी त्याच्याशी मराठी बोलणारं कुणी नाही. धडा मोठ्यानं वाचून दाखवायला, एखादा शब्द दहादा विचारला तरी न चिडायला, हिंदीतून अर्थ सांगायला ते यंत्र चांगलं आहे. दहादा विचारल्यावर मी चिडत असे. तुझ्या स्वतःच्या तयारीसाठीही घे. एकच उतारा सोपा नि अवघड अशा दोन रूपांत हवा असेल, पंधरा प्रश्न हवे असतील, तर ते चुटकीसरशी देतं. फक्त वर्गात नेण्याआधी मोठ्यानं वाच; कानाला टोचेल तिथं हिंदी किंवा इंग्रजी लपलेली असते. आणि मुलांच्या हाती देताना वय बघ. चॅटजीपीटी तेरा वर्षांखालच्यांना त्या कंपनीनंच वर्ज्य ठेवलंय आणि अठरापर्यंत पालकांची संमती मागितलीय. हे मुख्याध्यापकांच्या कानावर घाल, ते प्रात्यक्षिकाचा धोशा जरा कमी करतील.

कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर घेऊ का, हेही विचारलंस. नको. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांनीच यंत्राचा मजकूर ओळखणारं आपलं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. तिथं आपल्या आठवी ब ची काय कथा! शिवाय पोलिसी करायला तुला नेमलेलं नाही. दहा मिनिटांची कच्ची वही वर्गात लिहिली असली की पकडायला काही उरत नाही.

‘अठ्ठेचाळीस वह्या कधी वाचू?’ हे तुझं पुढचं वाक्य मला इथं ऐकू येतंय. रोज आठ. सोमवार ते शनिवार, सहा दिवसांत झाल्या. मधल्या सुट्टीत चहा थंड व्हायच्या आत होतात. लाल पेन घेऊ नकोस, पेनच घेऊ नकोस. नुसती वाच आणि मुलाला त्यातलं एक वाक्य तोंडी परत सांग. ‘म्हस पान्हवली न्हाई होय? मग काय केलं?’ एवढं पुरे. बघ तो पुढं काय काय सांगतो. मी हे एकतीस वर्षांत केलं नाही, म्हणून इतकं ठासून सांगतेय. केलं असतं तर कदाचित शहाण्यासारखी गप्प बसले असते.

आणि एखाद्या शुक्रवारी एक गंमत कर. फळ्यावर डावीकडे तेवीस नंबरची चार वाक्यं, उजवीकडे यंत्राची तीन. त्या मुलाला आधी विचारून हं, माझ्यासारखं करू नकोस. वर्गाला विचार, कुठली म्हैस खरी? तुझ्या वर्गात निम्म्या घरी गोठा आहे, पोरं यंत्राला फाडून खातील. ‘दूध दिले नाही’ का चुकीचं ते तीच सांगतील, आणि उजवीकडचं एखादं वाक्य बरंही वाटेल त्यांना, तेव्हा ते का बरं वाटलं तेही विचार. यंत्र वर्गात आणायचं तर असं आण, कच्च्या वहीच्या मागून.

सासूबाई गेल्यापासून घरी कधीमधी माझ्या तोंडूनही ‘आलो हां’ निघतं. परवा नातवानं टोकलं. मी म्हटलं, बरोबर आहे ते.

गठ्ठा तुझ्या भावाबरोबर पाठवतेय. तो गुरुवारी बाजाराला येतो ना? एकतीस निबंधांना मी हात लावलेला नाही. तेवीस नंबरच्या वहीत मात्र तुझ्या ‘४’ च्या शेजारी पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय, पटलं नाही तर खोड. आणि ती म्हैस दुसऱ्या दिवशी पान्हवली का, ते त्या पोराला विचारून मला कळव.

तुझ्या,
बाई